जात्याच्या दगडाची देवी

लोक म्हणतात, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझं त्याच्याही पुढचं आहे. मी करायला गेले माझी आई आणि झाली देवी. आता आमच्या ले-आउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीतले, झाडून सगळे लोक तिच्या पाया पडतात, आणि ती जिने घडवली तिला तिच्या अंगाला हात लावायची सोय नाही. राग निवला की लिही, असं नवरा म्हणतो. राग निवायची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचं नाही, म्हणून तापलेली असतानाच लिहिते.

मी चित्रकलेची शिक्षिका. नोकरी अमरावतीत, पण शिकले अकोल्याला. त्या दिवसांत रंगाची एक ट्यूब घ्यायची तर जीव कासावीस व्हायचा, आणि जिनिंगच्या मागं, सायकलच्या दुकानांपुढं, पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात वाट्टेल तेवढं सामान फुकट पडलेलं असायचं. बिजागऱ्या, चेनी, कढईचे कान, गंजलेली कुलपं. मी ते उचलून आणायला लागले आणि जोडायला लागले. कुलूप पाहिलं की बाकीच्यांना घर आठवतं, मला घर सोडून गेलेला माणूस आठवतो. अशा आठवणी तारेनं आणि नटबोल्टनं बांधायच्या, एवढीच माझी कला. शाळेतल्या बायका मला माझ्यामागं भंगारवाली मॅडम म्हणतात. म्हणोत बापड्या. मोराची आणि राधाकृष्णाची रांगोळी काढण्यापेक्षा ते बरं.

आई दर्यापूरजवळच्या एका गावात राहायची. आमची एक वीतभर जमीन नव्हती. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाई, हंगामात कापूस वेचायला जाई. वडील फार लवकर गेले. आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून पूर्णेच्या धारेत सोडले. ही गोष्ट आई फार अभिमानानं सांगे. देव सोडले, हात धुतले, घरी आले आणि पोटभर जेवले, असा तिचा शेवट असे. आईचं तोंड मोठं होतं. निंदणाच्या ओळीत मालकाला तोंडावर बोलणारी ती एकटी. त्यापायी तिला कितीतरी वेळा कामावरून घालवलं, आणि निंदणात तिच्या हाताला तोड नव्हती म्हणून तितक्याच वेळा परत बोलावलं.

ती गेली तेव्हा भावाकडं घर राहिलं. मी काय घेऊ, तर कुणालाच नको असलेला जात्याचा वरचा दगड घेतला. मधोमध धान्य टाकायचं भोक, त्याला आम्ही जात्याचं तोंड म्हणतो. आई त्या तोंडात मूठ-मूठ ज्वारी घाली आणि दळताना जगाचा उद्धार करी. शिवाय तिचं खुरपं घेतलं, आणि तिच्या ओळीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडून त्यांची झिजलेली खुरपी मागून आणली. सगळी मिळून आठ झाली. त्यातली एक म्हातारी म्हणाली होती, "जुन्या खुरप्याचं काय करतं व बाई? सोनं लागलं काय त्याले?"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा तो सगळा भाग खारपाणपट्टा. जमिनीत दगड नाही. कितीही खणा, काळी माती आणि खाली खारं पाणी. त्यामुळं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एखादा दगड दिसला, तर तो कुणीतरी लांबून आणून ठेवलेला असणार, आणि आणून ठेवलेला दगड म्हणजे देव, हे तिकडं लेकरालाही ठाऊक असतं. माणसं आधी हात जोडतात, कोणता देव ते मागाहून विचारतात. आमच्या अमरावतीच्या ले-आउटमधली निम्मी घरं याच पट्ट्यातून आलेली आहेत. मीही त्यातलीच, आणि तरी हे माझ्या ध्यानात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ले-आउटच्या मंडळाचे अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, त्यांचं घर ओपन स्पेसच्या अगदी समोर. एक दिवस ते माझ्याकडं आले. "मॅडम, आपल्या ओपन स्पेसमंदी काहीतरी आर्टिस्टिक पायजे. बाजूचे ले-आउटवाले जळले पायजेत."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मी मोडक्या डवऱ्याचं, म्हणजे कोळप्याचं, लाकूड उभं केलं, त्यावर जात्याचा दगड चेहऱ्यासारखा बसवला. डोळे नाहीत, नाक नाही, फक्त उघडं तोंड. भोवती आठ खुरपी पसरून लावली, ओळीनं बसलेल्या आठ बायका समजा. पायथ्याच्या सिमेंटात फुटक्या बांगड्यांचे तुकडे. दगड बोल्टनं आवळताना अध्यक्षांनीच दोन्ही हातांनी तो धरला होता. घामाघूम झाले आणि म्हणाले, "भारी हाय बापा तुमची माय." मी हसले. त्या दिवशी तो माणूस मला आवडला होता. आठवडाभर सिमेंटावर पाणीही त्यांनीच मारलं.

शेजारी एक वहिनी राहतात. त्यांचं माहेर आमच्या गावापासून जवळ, घरची शेती, मोठं खटलं. आमची दोघींची भाषा एक, खाऱ्या पाण्याच्या तक्रारी एक. दुपारचा चहा एक दिवस माझ्याकडं, एक दिवस त्यांच्याकडं. जात मध्ये आली नाही कधी, निदान चहात तरी नाही. तर एका सकाळी बघते तो आईच्या कपाळावर, म्हणजे भोकाच्या वर, कुंकवाचं बोट.

मी वहिनींना विचारलं, "हे तुम्ही लावलं?"

"हो. जाता-येता दिसते तं लावलं बोटभर. रिकामं कपाळ बरं नाही दिसत व."

माझी आई तिशीच्या आत विधवा झाली. गावात कुणाच्या लग्नात तिला पुढं बसू दिलं नाही, तेव्हा हे रिकामं कपाळ कुणाला खटकलं नव्हतं. मी तसं म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "ते माणसाचं झालं. हे वेगळं." मी पदर ओला करून ते कुंकू पुसलं आणि चहा ठेवला. तेव्हाच नीट भांडायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. पण बोटभर कुंकवासाठी कोण शेजार तोडतं?

मग उन्हाळ्यात मंडळानं ओपन स्पेसमध्ये बोअर मारायचं ठरवलं. बोअरची गाडी आली. यंत्र सुरू करण्याआधी नारळ फोडायचा असतो, आणि फोडायला दगड लागतो. सगळ्या मैदानात दगड एकच. मी शाळेत होते. नारळ आईच्या पायाशी फुटला, पाणी शिंपडलं गेलं, आणि दुपारपर्यंत बोअरला पाणी लागलं. नुसतं लागलं नाही, गोडं लागलं. खारं पाणी पिऊन ज्यांचे दात पिवळे पडले, त्या माणसांना गोड्या पाण्याचं काय वाटतं ते मी सांगायला नको. म्हाताऱ्या ओंजळीनं पाणी पीत होत्या आणि रडत होत्या. मी शाळेतून आले तोवर दगडाला शेंदूर लागला होता.

मला त्यांच्या रडण्याचा राग आला नाही. पाण्यासाठी मीही रडले असते. पण पाणी जमिनीत होतं, ते बोअरवाल्यानं काढलं, आणि श्रेय आईला कशासाठी? आयुष्यभर तिनं जे केलं त्याचं श्रेय कुणी दिलं नाही, आणि जे केलं नाही त्याचा शेंदूर.

दुसऱ्या दिवशी रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन मी शेंदूर खरवडायला बसले. बायका जमल्या. कुणी ओरडलं नाही, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनींनी माझा हात धरला. "नोको करू असं. पाणी गेलं तं लोकं तुलेच बोलतीन."

"वहिनी, हे माझ्या आईचं जातं आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय मले. पण आता त्यायले कोण सांगन?"

मी सांगितलं. मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की हा दगड कुठून आला, खुरपी कुणाची, भोक कशाचं. माझं म्हणणं लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आमी कुठं नाही म्हणून राहिलो? तुमच्याच हातानं झालं. पण हात तुमचा असला तरी करवून घेणारी ते हाय. तुमी निमित्त."

मी आठ खुरपी लावली, त्यांना आठ हात दिसले. मी बोलणारं तोंड ठेवलं, त्यांना कोपलेलं तोंड दिसलं. माझ्या कामात एवढी सगळी चिन्हं मी घातली, आणि एकही चिन्ह माझ्या बाजूनं साक्ष द्यायला उभं राहिलं नाही. आधी तिला मातामाय म्हणत होते, मग कुणा शिकलेल्या माणसानं हात मोजले आणि ती अष्टभुजा झाली. पत्र्याचं शेड आलं. मी मनाशी म्हटलं, दगडापेक्षा वीट मऊ, निदान सिमेंटचं तर नाही. पुढच्या नवरात्रापर्यंत सिमेंटचंही झालं. लोखंडी जाळी, कुलूप, चांदीचे डोळे. नैवेद्याचे कण भोकात जाऊन मुंग्या लागतात म्हणून ते भोक शेंदरानं बुजवलं. आईला गप्प बसवायला आख्खं गाव थकलं होतं. इथं मुंग्यांच्या निमित्तानं ते काम फुकटात झालं.

शाळेतल्या एकीनं सुचवलं, वर अर्ज करा, ओपन स्पेसमध्ये बांधकाम चालत नाही. मला तेही माहीत होतं. पण अर्जावर काही झालंच तर बुलडोझर येणार, आणि बुलडोझर काही बोल्ट सोडवून दगड माझ्या हाती देणार नाही. मला मंदिर पाडायचं नव्हतं. मला दगड हवा होता.

कारण तोवर भावाचा फोन आला होता. कुणीतरी त्याला मोबाइलवर फोटो पाठवला होता, आरतीचा. आमच्या वस्तीत तो सगळ्यांनी पाहिला. म्हणे मॅडमनं माय देव्हाऱ्यात बसवली. भाऊ मितभाषी आहे, आईवर गेलेला नाही. पण त्या दिवशी बोलला. "आज्यानं देव नदीत सोडले, अन् तू नवा उभा केला? शिकून हेच केलं काय?"

मी म्हटलं, मी नाही केलं, झालं ते.

"झालं तं झालं. मले एक सांग. माय जिती असती तं तिले त्या पायरीवर चढू देलं असतं का त्या लोकायनं?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मायच्या पुण्यानुमोदनाले तो दगड घरी पायजे. तो आणल्याबिगर येऊ नको." आणि फोन ठेवला. भाऊ धाकटा आहे माझ्याहून. आजवर त्यानं मला येऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्याच्यावर चिडले नाही, कारण तो बरोबर बोलला होता.

मी दुपारची निघाले, पिशवीत पाना घेऊन. जाळी उघडी होती, वहिनी आत झाडत होत्या. सोमवार-शुक्रवारची स्वच्छता त्यांच्याकडं असते. मी चप्पल काढून पायरी चढले, तशा त्या आडव्या आल्या. मला वाटलं, पाना दिसला असावा. पाना त्यांनी पाहिलाच नव्हता.

"इथूनच घे दर्शन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत नोको येऊ."

"कावून?" मी एकदम आमच्या भाषेत आले.

"आता विधी झाला नं तिचा. मंडळाचं ठरलं हाय, आत कोणी यायचं अन् कोणी नाही. मी नाही ठरवलं व. राग नोको मानू."

कोणी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आडनाव सांगितलं की आमच्याकडं पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतला होता, बशीत ओतून. त्या वाईट बाई नाहीत, हेच मला जास्त लागलं. वाईट असत्या तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि घरी आले. त्या दिवसापासून आमचा चहा बंद आहे.

दोन-चार दिवसांनी अध्यक्ष आले. हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, कुणाला तरी लाज वाटली असेल, काही मार्ग निघाला असेल. ते बसले, पाणी प्याले, म्हणाले, "मॅडम, एक काम हाय तुमच्याकडं. तुमच्यासारखं अक्षर आपल्या ले-आउटात कोणाचं नाही. मंदिराचा बोर्ड तुमीच रंगवून द्या. फ्लेक्स लावला तं दोन उन्हाळ्यात उडते."

काय लिहायचं, मी विचारलं. त्यांनी खिशातून कागद काढला. श्री स्वयंभू अष्टभुजा माता देवस्थान.

"स्वयंभू म्हणजे काय?"

"म्हंजे कोणी बनवली नाही. आपली आपण प्रगट झाली."

हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस शिक्षिकेला कळतो, सगळी हयात त्यात गेली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. ज्या हातांनी त्यानं दगड तोलून धरला होता तेच हात मांडीवर ठेवून तो मनापासून सांगत होता, की ती जमिनीतून आली. त्याला खरंच तसं आठवत होतं.

मी म्हटलं, "लिहिते. पण मला दगड एक दिवसासाठी द्या. आईच्या आठवणीचा कार्यक्रम आहे."

"देवी कुठं घर सोडून जाते काय, मॅडम?"

"मग मला आत जाऊ द्या. एकदाच. फक्त हात लावते."

मंडळात कुणाला सांगायचं नाही, दुपारी कुणी नसताना, असं शेवटी ठरलं. आणि आधी बोर्ड.

मी बोर्ड रंगवला. पत्र्याला आधी प्रायमर दिला, रेघा आखल्या, आणि स्वयंभू हा शब्द मधोमध, सगळ्यांत मोठा काढला. त्यांनी तसं सांगितलं होतं. नवरा बाजूला उभा राहून बघत होता. माझी सही खाली कोपऱ्यात असते एरवी, एवढीशी, या बोर्डावर ती केली नाही.

ठरल्याप्रमाणे दुपारी अध्यक्षांनी कुलूप उघडलं. बाहेर वहिनी उभ्या होत्या, त्यांना अध्यक्षांनीच बोलावलं असावं. मी आत गेले. जागा इतकी छोटी की गुडघे टेकावे लागले. तेलाचा आणि कोमेजलेल्या फुलांचा वास. चांदीचे डोळे माझ्या डोक्यावरून कुठंतरी बघत होते. मी दोन्ही तळहात दगडावर ठेवले. थरावर थर चढलेला शेंदूर मऊ होता, लोण्यासारखा. मी दाबलं. बोटं आत गेली. अजून दाबलं, अजून आत गेली. नखांनी उकरून बघितलं, आणि तरी कुठंच दगड लागला नाही.

"झालं का मॅडम?" अध्यक्षांनी विचारलं.

मी हो म्हटलं. बाहेर येऊन चप्पल घालत होते, तेवढ्यात मागं बादली सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर वहिनी मी बसले होते ती फरशी धूत होत्या. मान खाली घालून, घाईघाईनं. आमची नजरानजर झाली नाही.

पुण्यानुमोदनाला मी गेले नाही. भावानं परत फोन केला नाही, मीही केला नाही. बोर्ड मात्र अजून आहे, रस्त्यावरून लांबून वाचता येतो. ऊन-पाऊस लागूनही रंग जराही उडालेला नाही. काम मी चोख करते.